नव्या घरात नेट, वायफाय आणि कॉम्प्युटर लावताय? एका सिग्नलवाल्याचं ऐका

मी सिग्नल कोअरमधून, म्हणजे फौजेच्या संपर्क-दळणवळण खात्यातून, निवृत्त झालेला माणूस. जबलपूरला ट्रेनिंग, मग नोकरीभर लाइन, एक्सचेंज, रेडिओ आणि शेवटची वर्षं कॉम्प्युटर नि नेटवर्क. आता भांडुपला असतो, आणि बिल्डिंगमध्ये कोणाचं नेट गेलं की कंपनीला फोन नंतर जातो, आधी माझी बेल वाजते. भाड्याने नवीन आलेली पोरं, वेगळं घर थाटलेली जोडपी, सगळ्यांचे प्रश्न तेच असतात आणि सगळे त्याच त्याच ठिकाणी पैसे घालवतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

फौजेतलं गुपित यात काही नाही, शोधू नका. एक सवय मात्र आहे. कुठली वायर कुठून निघाली नि कुठे पोचली हे मध्यरात्री टॉर्चशिवाय सांगता आलं पाहिजे, हे तिथे डोक्यात घट्ट बसवतात. घरात पण तेच लागतं. दहा हजाराचा राउटर घेतला पण घरात त्याला काय काय जोडलंय हेच माहीत नसेल तर तो राउटर शोभेचा.

१. काहीही घ्यायच्या आधी घरात फिरा

एक कागद घ्या, घराचा ओबडधोबड नकाशा काढा. डक्ट (बिल्डिंगच्या वायरी नि पाइप जातात तो उभा बोळ) कुठे, मेन दरवाजावरून वायर आत येते का खिडकीतून, फ्रिज कुठे, आरशाचं कपाट कुठे, प्लगपॉइंट कुठे. जुन्या चाळीत नि पागडीच्या घरात भिंती जाड, नव्या टॉवरमध्ये काही भिंती पूर्ण काँक्रीट नि आत सळया, दोन्हीकडे वायफाय मरतं पण वेगवेगळ्या जागी मरतं. फिश टँक असेल तर तोही लिहा, पाणी सिग्नल खातं.

मग ठरवा की वायफाय खरंच कुठे लागणार. वर्क फ्रॉम होम कुठल्या खोलीत, टीव्ही कुठे. बाथरूममध्ये रेंज येत नाही म्हणून भांडणारे लोक मी बघितलेत, त्यांचं तुम्ही बघा.

२. कनेक्शन घेताना काय विचारायचं

कागदपत्रं आधी काढून ठेवा:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- पत्त्याचा पुरावा: स्वतःचं घर असेल तर लाइट बिल, भाड्याचं असेल तर रजिस्टर केलेला लीव्ह अँड लायसन्स
- एक फोटो, आणि ओटीपीसाठी चालू नंबर
- घरमालकाचा होकार, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घेतलेला बरा (भिंतीला भोक पाडायचंय ना)
- सोसायटीला एनओसी लागते का ते सेक्रेटरीला विचारून

शेवटचं सगळे विसरतात. माणूस शिडी घेऊन आला नि वॉचमनने गेटवरच अडवला, हे दर महिन्याला कोणाचं तरी होतंच. आणि काही सोसायट्यांत एकाच केबलवाल्याची वायर डक्टमधून येऊ देतात, तिथे तुम्ही जाहिरात बघून ठरवलेल्या कंपनीचा काही उपयोग नाही, तेव्हा आधी शेजाऱ्याला विचारा की त्याच्याकडे काय चालतं नि पावसात किती चालतं.

कंपनीला विचारायचे प्रश्न: फायबर (प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेची बारीक वायर) घरापर्यंत येणार की गच्चीपर्यंत आणि तिथून खाली लॅन वायर (नेटची तांब्याची वायर)? (गच्चीवरचा स्विच, म्हणजे एका वायरचे अनेक फाटे करणारा डबा, उन्हात भाजतो, पावसात भिजतो, लाइट गेली की बंद, जमलं तर घरापर्यंतच फायबर घ्या.) अपलोड स्पीड किती? राउटर आपला की त्यांचा, डिपॉझिट किती, पावती मिळणार का? वर्षाचं भाडं आगाऊ भरा, दोन महिने फुकट देतो म्हणाले तर पहिले तीन महिने साधाच प्लॅन घ्या. सर्व्हिस कशी आहे ते बिल भरून झाल्यावर कळतं.

माणूस फायबर लावून देईल तेव्हा तिथेच उभे राहा. "काका, झालं, चालू आहे" म्हणून तो निघायच्या आत त्याला पॉवर मीटरवरचं (फायबरमधून किती प्रकाश पोचतो ते मोजणारं यंत्र) रीडिंग दाखवायला सांगा. वजा पंधरा ते वजा पंचवीस डीबीएमच्या मधे असेल तर निवांत. वजा सत्तावीसच्या आसपास असेल तर आज चालेल नि उद्या डक्टमध्ये कोणी दुसरी वायर ओढली की बंद पडेल, त्याला जॉइंट परत मारायला लावा. हे विचारलं की त्याचा बोलण्याचा सूरच बदलतो.

फायबरच्या टोकाचा हिरवा कनेक्टर म्हणजे टोक आठ अंशात तिरकं घासलेलं, निळा म्हणजे सरळ. हिरव्याला हिरवाच. निळ्यात घातला तर बसल्यासारखा वाटतो पण सिग्नल पडतो. फायबर दाराच्या फटीत चेमटू देऊ नका, कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका, जास्तीची वायर असेल तर हाताच्या पंज्याएवढं गोल वेटोळं करून ठेवा. राउटरवर एलओएसचा लाल दिवा पेटला म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये, मग रीस्टार्ट करत बसण्यात अर्थ नाही, तक्रार टाका.

३. लॅमिंग्टन रोडची फेरी

ऑनलाइन सगळं मिळतं हे खरं, पण हत्यारं नि वायर हातात घेऊन बघायची असेल तर ग्रँट रोड पूर्वेला उतरा नि चालत लॅमिंग्टन रोडला जा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद. पहिल्या दुकानात भाव विचारायचा, घ्यायचं तिसऱ्या-चौथ्यात. आणि बिल जीएसटीचंच घ्या, "बिना बिल का दो सौ कम" हे ऐकून खूश होऊ नका, वॉरंटी त्या दोनशेतच गेलेली असते.

यादी:

- कॅट सिक्स वायर (लॅनच्या वायरीचा एक दर्जा), लागेल त्यापेक्षा थोडी जास्त
- आरजे-४५ जॅक (लॅन वायरच्या टोकाला बसवायचे प्लास्टिकचे), पाकीटभर
- क्रिम्पिंग टूल (जॅक वायरवर दाबून बसवणारं हत्यार), साधं चालतं
- लॅन टेस्टर, दोन तुकड्यांचा दिवेवाला
- पर्मनंट मार्कर, पांढरी चिकटपट्टी, वेल्क्रोचे पट्टे
- पाच किंवा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, लागला तर

वायरमध्ये सगळ्यात मोठी फसवणूक चालते. बाहेर कॅट सिक्स छापलेलं, आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनिअम. दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागा, एक तार सोलून ब्लेडने खरवडा. लाल आतपर्यंत लाल राहिला तर तांबं, खाली पांढरं-चंदेरी दिसलं तर परत द्या. दोनचार वेळा मागेपुढे वाकवून पण बघा, अ‍ॅल्युमिनिअम लवकर तुटतं. असली वायर सुरुवातीला चालते, नंतर स्पीड एकदम शंभर एमबीपीएसवर येऊन बसतो नि लोक कंपनीला शिव्या देतात.

कॅट सेव्हन, कॅट एट, सोन्याचा मुलामा वगैरे विकायला बघतील. घराला नको. कॅट फाइव्ह-ई सुद्धा शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, आपलं घर शंभर मीटरचं नाही.

४. वायर ओढायची

माझं ठाम मत, कोणाला जुनाट वाटलं तरी: जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्या. टीव्ही, डेस्कवरचा कॉम्प्युटर, दुसऱ्या खोलीत वायफाय पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट. मुंबईत वायफायची यादी उघडली तर आख्ख्या बिल्डिंगची नावं येतात, सगळे त्याच हवेत ओरडत असतात. त्यात तुमचा टीव्ही पण ओरडायला लावायची गरज नाही.

लॅनची वायर लाइटच्या पाइपातून घालू नका. इलेक्ट्रिशियन म्हणेल "जागा आहे, जाईल", जाईल हो, पण २३० व्होल्टच्या शेजारी ती असू नये, सुरक्षेसाठी पण नाही नि सिग्नलसाठी पण नाही. वेगळी केसिंग पट्टी मारा. भाड्याचं घर असेल तर स्कर्टिंगच्या वरून चिकटणारी पट्टी, सोडताना निघते.

जॅक मारताना बाहेरचं आवरण साधारण इंचभर सोला, चार जोड्या उलगडा, तारा बोटाने सरळ करा आणि क्रम लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-ब्राऊन, ब्राऊन. जॅकची क्लिप खाली, तारांची टोकं समोर, डावीकडून पहिला पांढरा-नारिंगी. तारा एका रेषेत कापा, अर्ध्या इंचाच्या वर पीळ उघडा ठेवू नका, आत ढकला नि जॅकच्या तोंडाकडून बघा, आठ तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत. बाहेरचं आवरण पण जॅकच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर ओढताण झाली की पहिला ताण तारांवर येतो. मग दाबा. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले की झालं.

आणि लगेच, उठायच्या आधी, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव लिहा. "हॉल टीव्ही". "बेडरूम". फील्ड केबल टाकताना टॅगशिवाय टोक सोडलं तर आमचे उस्ताद काय बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. सहा महिन्यांनी सारख्या करड्या वायरींच्या गुंत्यात हात घालाल तेव्हा त्या उस्तादांना दुवा द्याल.

५. राउटर: कुठे ठेवायचा, आत काय बदलायचं

घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नाही, लोखंडी कपाटावर नाही, मायक्रोवेव्हच्या शेजारी तर नाहीच.

मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, तळाशी स्टिकरवर छापलेला असतो. आत गेल्यावर या क्रमाने:

पहिलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वायफायचा वेगळा नि हा वेगळा, लोक वायफायचा बदलतात आणि आतला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन तसाच ठेवतात. २०१६ साली मिराई नावाचा व्हायरस आला होता, तो काही फार हुशार नव्हता, कंपनीने दिलेल्या साठेक पासवर्डची यादी घेऊन जगभरातल्या कॅमेऱ्यांवर, डीव्हीआरवर नि राउटरवर ट्राय करत फिरायचा. त्याच उघड्या यंत्रांच्या जोरावर ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास झोपवल्या. म्हणजे कोणाच्या तरी हॉलमधला बेबी कॅमेरा त्या हल्ल्यात सामील होता आणि घरच्यांना पत्ता नाही.

दुसरं, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद. रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटरमध्ये शिरायची सोय) बंद. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट असेल तर करा.

तिसरं, गेस्ट नेटवर्क चालू करा आणि पाहुणे, कॅमेरा, स्मार्ट बल्ब, चायनीज प्लग सगळे तिकडे. लॅपटॉप नि मोबाइल मेन नेटवर्कवर. दुधवाल्याला आपण दारात पैसे देतो, बेडरूममध्ये बोलावत नाही.

चौथं, वायफायचे दोन पट्टे असतात, त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल एक, सहा किंवा अकरा, यातला शेजाऱ्यांनी कमी वापरलेला. मधले घेऊ नका, दोन्ही बाजूंचा त्रास होतो. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे कमी जातं, पण त्याच खोलीत स्पीड चांगला.

नाव लपवणं, मॅक फिल्टर (ठरावीक यंत्रांनाच आत घेणारी यादी) लावणं यात वेळ घालवू नका, ज्याला शिकून आत यायचंय त्याला ते अडवत नाही, त्रास फक्त घरच्यांना. आणि नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव टाकू नका, "सावंत ७०२" म्हणून आख्ख्या गल्लीला पत्ता कशाला सांगायचा.

आतल्या खोलीत रेंज नसेल तर स्वस्त रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर तेच हवेत ऐकतो नि परत हवेत बोलतो, स्पीड साधारण अर्धा होतो. वायर टाकून तिकडे दुसरा जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा, फक्त त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि आयपी पत्ता वेगळा द्या.

६. लाइट आणि दमट हवा

मुंबईत लाइट जात नाही असं म्हणणाऱ्यांना १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बसलं, लोकल जागच्या जागी, ऑनलाइन परीक्षा अर्ध्यावर. त्यानंतर बिल्डिंगमध्ये मिनी यूपीएसचं वेड आलं. घ्या, चांगली वस्तू आहे, फायबरला मधे वीज लागत नाही त्यामुळे तुमचा राउटर जिवंत राहिला नि कंपनीकडे बॅकअप असेल तर नेट चालू राहतं. पण आधी राउटरच्या अडॅप्टरवर वाचा: १२ व्होल्ट का ९, किती अँपिअर. व्होल्ट तंतोतंत तोच पाहिजे, अँपिअर तेवढा किंवा जास्त. पिन बसली म्हणून लावला नि राउटर गेला, असं खूप होतं.

जुन्या इमारतीत तीन पिनचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगच नसतं. लॅपटॉपच्या पत्र्याला बोट लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर समजा. स्वतः उघडू नका, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा.

समुद्राजवळ राहत असाल, वरळी, वर्सोवा, मढ वगैरे, तर पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मशीन सडते. पोर्टवर हिरवट थर येतो. वापर नसला तरी आठवड्यातून तासभर चालू करा, गरम झाली की ओल निघते. कॅमेऱ्याला नि हार्डडिस्कला हवाबंद डब्यात सिलिका जेल.

७. कॉम्प्युटर कुठला

इथे माझं मत लोकांना आवडत नाही. घरकाम, बँक, मुलांचा अभ्यास यासाठी नवीन झगमगीत लॅपटॉपपेक्षा कंपन्यांतून निघालेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप बरा. बांधा मजबूत, स्क्रू उघडतात, सुटे भाग मिळतात. एसएसडी पाहिजेच, रॅम निदान आठ जीबी, जमलं तर सोळा.

पण दुकानातच हे तपासा. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) पासवर्ड नाही ना. विंडोज नव्याने टाकून सुरू केल्यावर कुठल्या कंपनीचं लॉगिन मागत नाही ना, मागितलं तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे, हात लावू नका. बॅटरी किती उरलीय. सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह लावून. आणि प्रोसेसर इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या खालचा नको, कारण विंडोज ११ ला तोच लागतो, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पण. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, दुकानदार मात्र "साहेब, मस्त चालतं" म्हणून तोच टाकून देतात. जुनीच मशीन असेल नि फक्त ब्राउझर लागत असेल तर लिनक्स मिंट टाका, आमच्या सौ. त्यावर बिनतक्रार भजनं ऐकतात आणि रेसिपी बघतात.

क्रॅक केलेलं विंडोज नको. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करा असं जो सांगतो त्याच्या हातात तुम्ही बँकेच्या चाव्या देताय.

रोजच्या वापराचं खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिनचं वेगळं. कोणाचाही पेन ड्राइव्ह सरळ लावायचा नाही, झेरॉक्सवाल्याकडून आलेला तर नाहीच. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट इराणच्या नातांझमधल्या, इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रांपर्यंत पोचला, तो पेन ड्राइव्हमधून गेला असंच मानतात. झेरॉक्ससाठी फाइल मेल करा किंवा वेगळा, फक्त त्याच कामाचा पेन ड्राइव्ह ठेवा.

८. मोबाइल, घड्याळ आणि बाकीची खेळणी

सेकंडहँड मोबाइल घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, आयएमईआय येईल. मग इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, आणि १४४२२ ला एसएमएस. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर दुकानातून बाहेर पडा. मोबाइल हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता येतो, त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते, खरेदीचं बिल पण जपून ठेवा.

फिटनेसवाल्या घड्याळांबद्दल मला फार जण हसतात. हसा. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावणाऱ्यांच्या अ‍ॅपच्या नकाशावर लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटात धावणाऱ्या सैनिकांच्या रेषा चमकतायत आणि तळांचा आकार दिसतोय. तुमच्या घरावर कोणी बॉम्ब टाकणार नाही, पण रोज पहाटे साडेपाचला घर रिकामं असतं हे जगाला सांगायचीही गरज नाही. धावण्याची सुरुवात नि शेवट लपवायचं सेटिंग त्यात असतं, लावा. घरात कोणी नोकरीवरचा फौजी असेल तर या सगळ्याच्या वर त्याच्या युनिटचे नियम, जुलै २०२० मध्ये आर्मीने ८९ अ‍ॅप काढायला लावली होती, त्यात फेसबुक पण होतं. तिथे माझं मत विचारू नका, युनिटला विचारा.

लाइट कट होईल, केवायसी संपलं, स्क्रीन शेअर करा असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर रडत बसायच्या आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, लगेच. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकतात.

९. बॅकअप आणि वही

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोटोंची एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर किंवा गावाला भावाकडे. हार्डडिस्क सतत जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर तीही जाते. आणि वर्षातून दोनदा एखादी फाइल परत काढून बघा, उघडत नसेल तर तो बॅकअप नव्हताच.

विंडोज ११ मध्ये बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप लॉक होते, तिची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आजच लॉगिन करून ती कागदावर उतरवा.

एक दोनशे पानी वही ठेवा. राउटरचा मॉडेल, कंपनीचा ग्राहक नंबर, कुठली वायर कुठल्या पोर्टला, कुठला सेल कधी बदलला, कधी काय बिघडलं. पासवर्ड वहीत लिहू नयेत असं सगळे सांगतात, मी म्हणतो घरातल्या कपाटात कुलपाखाली असलेली वही मोबाइलमधल्या नोट्सपेक्षा बरी, चोर लॅपटॉप नेतो, वही नेत नाही. बँकेचे मात्र त्यात नकोत.

१०. अकरा महिन्यांनी घर सोडताना

भाडेकरार संपायच्या पंधरा-वीस दिवस आधी कनेक्शन शिफ्ट किंवा बंद करायची विनंती टाका आणि तक्रार नंबर लिहून घ्या. कंपनीचा राउटर परत देताना आधी फॅक्टरी रीसेट, मग त्याचा अडॅप्टर नि पॅच कॉर्डसकट (छोटी जोडवायर) फोटो, मग पावती. "ऑफिसला जाऊन देतो, पावती नंतर" म्हणाला तर राउटर द्यायचा नाही, कारण नंतर बिल राउटर न दिल्याचं येतं नि डिपॉझिट अडकतं. कॅमेरे, स्मार्ट प्लग विकत असाल किंवा घरमालकाला सोडून जात असाल तर ते पण रीसेट करून अ‍ॅपमधून काढून टाका. आणि तुमची कॅट सिक्स पट्टीतून ओढून काढा, गुंडाळा, दोन्ही टोकांच्या चिठ्ठ्या तशाच ठेवून पेटीत टाका, पुढच्या घरी परत लागणारच आहे.